झडप बदलायची, पण 'ब्लॉकेज'चे काय?

हृदयाची झडप बदलावी लागणार, हे कुटुंबाने कसेबसे स्वीकारलेले असते. तेवढ्यात अँजिओग्राफीचा अहवाल हाती पडतो आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतही अडथळा असल्याचे कळते. मग आधी काय करायचे?

ही गाठ वरचेवर पडते. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप उतारवयात कॅल्शियम साचून ताठर होते. वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब या तिच्या कारणांनीच धमन्याही अरुंद होतात. शिवाय धाप लागणे, छातीत दुखणे ही लक्षणे दोन्ही विकारांत सारखीच. झडप अरुंद झाली, की हृदयाच्या स्नायूवर ताण येतो आणि धमन्या स्वच्छ असतानाही छातीत दुखू शकते. दोष नेमका कोणाचा, हे लक्षणांवरून सांगता येत नाही.

छाती उघडून शस्त्रक्रिया करायची असेल, तर निर्णय तुलनेने सोपा असतो. झडप बदलतानाच बायपासही उरकता येते. शस्त्रक्रिया लांबते, जोखीमही थोडी वाढते. पण दुसऱ्यांदा छाती उघडण्याची वेळ सहसा टळते.

खरा पेच निर्माण झाला तो कॅथेटरने झडप बसवण्याच्या 'टावी' पद्धतीमुळे. फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये अशी पहिली झडप बसवली. यात बायपासचा प्रश्नच नसतो. अडथळ्यासाठी अँजिओप्लास्टी करून स्टेंट घालावा लागतो आणि स्टेंट म्हटला, की रक्ताची गुठळी रोखणारी औषधे आली. ऐंशीच्या घरातील रुग्णाला त्यातून रक्तस्रावाचे भय. २३५ रुग्णांच्या 'अॅक्टिव्हेशन' चाचणीत (२०२१) आधी स्टेंट घातल्याने विशेष लाभ दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

२०२४ मध्ये 'नोशन-३' चाचणीने वेगळे चित्र मांडले. यात ४५५ रुग्ण होते आणि अडथळेही निवडक होते : ९० टक्के वा अधिक, किंवा धमनीतील दाब मोजून गंभीर ठरलेले. सुमारे दोन वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काही ना काही ओढवलेल्यांचे प्रमाण अँजिओप्लास्टी झालेल्या गटात २६ टक्के, तर केवळ औषधांवर ठेवलेल्या गटात ३६ टक्के होते. फायदा मुख्यतः झटके व तातडीचे उपचार टळण्यात दिसला. मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. रक्तस्राव मात्र २८ विरुद्ध २० टक्के, म्हणजे याही वेळी अधिकच.

स्टेंट आधी की नंतर, यालाही महत्त्व आहे. काही झडपांची धातूची जाळी उंच असते. ती धमन्यांच्या मुखासमोर आली, तर पुढे तेथवर कॅथेटर नेणे जिकिरीचे होते. त्यामुळे मुख्य धमनीच्या उगमाजवळचा गंभीर अडथळा बहुधा आधीच दूर केला जातो. मध्यम अडथळा असेल आणि छातीत दुखत नसेल, तर थांबता येते.

आपल्याकडे नातेवाईक 'किती टक्के?' एवढेच विचारतात. अडथळा कोणत्या धमनीत आहे, दाब मोजला का, हेही विचारावे. आणि रुग्णाला पूर्वी जठरव्रण झाला असेल, रक्त पडले असेल वा हिमोग्लोबिन कमी असेल, तर ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे.