जर्मन भाषेची ओळख

"सर, उर्दूत दोनच लिंगे आहेत. मग मराठीत हे तिसरे कशाला?" मराठीच्या तासाला हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. 'ते पाणी', 'ते घर', 'ते पुस्तक' असे लिहिताना तुमची चूक होते आणि गुण जातात. विद्यार्थी मित्रांनो, आज या प्रश्नाचे उत्तर आपण एका दूरच्या भाषेकडून घेऊ या. ती भाषा म्हणजे जर्मन.

जर्मन ही युरोप खंडातील एक प्रमुख भाषा आहे. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांची ती राजभाषा आहे. स्वित्झर्लंडच्या मोठ्या भागातही ती बोलली जाते. सुमारे 9 कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. जर्मन लोक स्वतः आपल्या भाषेला 'दॉइच' म्हणतात.

इंग्रजीप्रमाणे जर्मनही रोमन लिपीत लिहितात. तिची 26 अक्षरे तुम्हांला ठाऊकच आहेत. शिवाय ए, ओ व यू या अक्षरांवर काही शब्दांत दोन टिंबे देतात. 'शोन' म्हणजे 'आधीच'. याच शब्दातील 'ओ'वर टिंबे दिली की त्याचा अर्थ 'सुंदर' असा होतो. तेव्हा ओठ 'ओ'सारखे गोल ठेवून 'शेन' म्हणायचे. एका नुक्त्याने शब्द कसा बदलतो, हे उर्दू लिहिणाऱ्यांना वेगळे सांगायला नको!

आता उच्चार पाहू. पुस्तकाला जर्मनमध्ये 'बूख़' म्हणतात. यातला 'ख़' आपल्या 'ख़बर' आणि 'ख़त' या शब्दांतलाच आहे. सूर्याला 'ज़ोने' म्हणतात. त्यातला 'ज़' म्हणजे 'ज़मीन'मधला 'ज़'. इतरांना ज्यासाठी सराव करावा लागतो, ते उच्चार तुमच्या जिभेवर आधीच आहेत. दहाला मात्र 'त्सेन' म्हणतात. हा 'त्स' उर्दूत नाही. पण मराठीतील 'चाक' आणि 'चमचा' या शब्दांत तो जवळजवळ तसाच आहे. म्हणजे एक उच्चार उर्दूने दिला, तर दुसरा मराठीने.

जर्मनमध्येही मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत. नामापूर्वी पुल्लिंगात 'डेर', स्त्रीलिंगात 'डी' आणि नपुंसकलिंगात 'डास' हा शब्द येतो. पाणी म्हणजे 'डास वासर', घर म्हणजे 'डास हाउस', पुस्तक म्हणजे 'डास बूख़'. पाहा, ज्या तीन शब्दांनी तुमचे गुण नेले, ते तिन्ही जर्मनमध्येही नपुंसकलिंगीच आहेत! मात्र नेहमीच असे जुळत नाही. मराठीत 'ते झाड', पण जर्मनमध्ये झाड पुल्लिंगी आहे. आपला सूर्य पुल्लिंगी, तर त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह पाठ करावे, हाच खरा उपाय. मराठीलाही तोच लागू पडतो.

काही गोष्टी तर अगदी ओळखीच्या वाटतील. इंग्रजीत 21 म्हणताना आधी वीस आणि मग एक येतो. जर्मनमध्ये 'एक आणि वीस' असे म्हणतात. आपले 'इक्कीस' आणि 'एकवीस' असेच आहेत. 'माइन नामे इस्ट सलीम' म्हणजे 'माझे नाव सलीम आहे.' यातला 'नामे' आणि आपला 'नाम' हे एकाच जुन्या भाषाकुळातले आहेत. मित्राला 'डू' म्हणजे 'तू' आणि अनोळखी मोठ्या माणसाला 'ज़ी' म्हणजे 'आप' असे म्हणतात. आईवडिलांना मात्र तेथे 'डू'च म्हणतात. हातमोज्याला ते 'हांटशू' म्हणजे 'हाताचा बूट' म्हणतात. आपल्या 'दस्ताना' या शब्दातही 'दस्त' म्हणजे हातच आहे.

उर्दूचे आणि जर्मनचे नाते ग्रंथांतूनही जुळले आहे. हाफ़िज़ यांची फारसी कविता जर्मन अनुवादातून वाचून कवी गटे यांनी 1819 साली आपला 'दीवान' प्रसिद्ध केला. अल्लामा इक्बाल 1907 साली हायडेलबर्ग येथे जर्मन शिकले. पुढे 1923 मध्ये त्यांनी गटे यांच्या ग्रंथाला उत्तर म्हणून 'पयाम-ए-मश्रिक' हा फारसी काव्यग्रंथ लिहिला. भारताचे तिसरे राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन बर्लिनला शिकत होते. तेथेच 1925 साली त्यांनी 'दीवान-ए-ग़ालिब' छापून घेतला.

आज मुंबई व पुणे येथील मॅक्समुल्लर भवनात, तसेच पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकवली जाते. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे गेला, तर पहिल्याच दिवसांत 'डेर, डी, डास' त्याच्यासमोर येतील. वर्गातील काही जण गोंधळतील. पण तिसरे लिंग कशाला, असे तुम्ही विचारणार नाही. ते तुम्ही मराठीच्या तासाला आधीच शिकलेले असाल.