जलसा : भ्रमाची उलटतपासणी

“ब्रिटनमध्ये जात कुठे आहे?” असे आपलेच देशबांधव आपल्याला विचारतात आणि पुढच्याच वाक्यात आपले आडनाव व गाव विचारतात. २०१३ मध्ये येथील संसदेने समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले. २०१८ मध्ये ते बंधन रद्द करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. भ्रम असा टिकून राहतो.

तो तपासण्याचे साधन आपल्या वारशात आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या परंपरेतील जलशांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेतला, मात्र त्याचा आशय पालटला. भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशांनी तेच सवाल-जवाब अस्पृश्यतेवर रोखले. अक्षरओळख नसलेला श्रोताही तेथे न्यायाधीश झाला. हीच वाट वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगावी चालवली.

ब्रिटनमध्येही मंचावरचा कवी असा प्रश्न विचारत आला आहे. बेंजामिन झेफानाया यांनी २००३ मध्ये ‘ओबीई’ हा किताब नाकारला. त्यातील ‘साम्राज्य’ या शब्दात त्यांना गुलामगिरीची आठवण दिसत होती.

आपली मुले १४ एप्रिलला भीमगीते पाठ म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो. परंतु केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे कालाम सुत्त सांगते. म्हणून येत्या जयंतीला प्रत्येक गीतानंतर मुलांना त्यांचा स्वतःचा एक प्रश्न विचारू द्यावा. उत्तर देताना आपण अडखळलो, तरच जलसा पुन्हा सुरू झाला असे समजू.

जय भीम!