तोडलेल्या सदाहरित वनात पुन्हा काय उगवते?

तोडलेली जागा पाच-दहा वर्षांत हिरवी झाली, की जंगल परत आले असे आपण म्हणतो. उष्णकटिबंधीय सदाहरित वनांबाबत हे फसवे आहे.

सह्याद्रीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या घाटमाथ्यावर अंजनी आणि जांभूळ भरपूर दिसतात. ही झाडे तोडली तरी बुंध्याला धुमारे फुटतात. म्हणून सरपण, कोळशासाठी वारंवार तोड होऊनही ती तगली. पर्णछत्र उघडले, की चांदाड्यासारखी ऊन लागणारी झाडे झपाट्याने वाढतात. सावलीत वाढणाऱ्या अनेक मूळ वृक्षांचे तसे नाही. त्यांच्या मोठ्या, ओलसर बिया वाळल्या की मरतात, त्यामुळे मातीत बियांचा साठा राहत नाही. नवे बी यावेच लागते. ते आणणारा धनेश मोठ्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो. ती झाडे गेली, की बी पेरणाराही जातो.

वर्गात मी तारेची स्थितिस्थापक मर्यादा शिकवतो: मर्यादेत ताण असेल तर तो काढल्यावर तार पूर्ववत होते. जंगलाचे थोडे तसेच, पण इथे किती तोडले याइतकेच बी कुठून येणार हेही महत्त्वाचे.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे देवराईमुळे रानजायफळाची दलदल वाचली. शासनाने २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. वरच्या अंगाचे पाणी बागायतीसाठी वळवले, तर एकही झाड न तोडता ती सुकू शकते. अशा ठिकाणी पाहणी करताना उंच झाडे मोजून थांबू नका. त्यांच्या सावलीत त्यांचीच रोपे आहेत का, तेही मोजा.