मेलॅनोमा आणि पहिली लसिकाग्रंथी

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग वरून लहानसा डाग दिसला, तरी त्याच्या मोजक्या पेशी लसिकावाहिन्यांतून काखेतल्या, जांघेतल्या किंवा मानेतल्या ग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या असू शकतात. इतक्या थोड्या पेशी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून डागाकडचा लसिकाद्रव ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचतो, तीच काढून तपासायची, ही पद्धत अमेरिकी शल्यविशारद डोनाल्ड मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली.

डागाच्या जागी सौम्य किरणोत्सारी द्रव्य व निळा रंग टोचतात. किरण टिपणाऱ्या यंत्राने आणि रंगाने ती ग्रंथी ओळखू येते. तिच्या पातळ कापांत कर्करोगाच्या पेशी आढळल्या, तर आजार किमान तिसऱ्या टप्प्यातला ठरतो आणि पुढच्या औषधांची दिशा बदलते. डागाची जाडी १ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर ही तपासणी सहसा सुचवतात, ०.८ पासून किंवा वर व्रण असल्यास डॉक्टर रुग्णाशी चर्चा करून ठरवतात.

पूर्वी एका ग्रंथीत रोग सापडला की त्या भागातल्या सगळ्याच काढत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र त्याने रुग्ण जास्त जगल्याचे दिसले नाही. उलट सगळ्या ग्रंथी काढलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना सूज आली. फक्त सोनोग्राफीने लक्ष ठेवलेल्यांत ते प्रमाण ६ टक्के होते. हातापायांची ही सूज आयुष्यभर छळू शकते, म्हणून हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे मेलॅनोमा विरळा. झाला तर तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली असतो, आणि भोवरी समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.