टिळक, रेव्हरंड नारायण वामन
(६ डिसेंबर १८६१–९ मे १९१९). मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक व पत्रकार. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे. आईच्या मृत्यूनंतर लहानपणीच त्यांनी घर सोडले. नासिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी अनेक ठिकाणी भ्रमंती केली.

नागपूर येथील वास्तव्यात त्यांना अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभला. बुटींच्या संग्रहातील संस्कृत ग्रंथांचे काम पाहत असतानाच त्यांनी हिंदू धर्मविषयक प्रश्नांच्या चर्चेसाठी ऋषी हे मासिक चालविले. ते अल्पायुषी ठरले. तथापि धर्मविचार सामान्य वाचकापर्यंत नियतकालिकाच्या द्वारे नेण्याची त्यांची वृत्ती धर्मांतरापूर्वीचीच होती, हे त्यावरून दिसते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा ‘नवा करार’ दिला. त्याच्या वाचनाने त्यांच्या विचारांना वेगळे वळण लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे स्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांचाही काही वर्षे वियोग झाला. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत अध्यापन करीत. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे ज्ञानोदय हे पत्र सुरू केले होते. पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी स्थापिलेल्या या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे आले व ते अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले. धर्म बदलला तरी देश, भाषा व परंपरा बदलत नाहीत, ही त्यांची भूमिका होती. ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन व कीर्तन यांना स्थान मिळावे, असा त्यांचा आग्रह असे. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. अभंगांजलीमधील अनेक अभंग प्रथम ज्ञानोदयातूनच प्रसिद्ध झाले. मिशनचे पत्र अशा रीतीने मराठी भक्तिकाव्याचेही व्यासपीठ बनले.

मिशनच्या वेतनावर राहून ख्रिस्ती समाज स्वावलंबी होणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही तेथे प्रवेश होता.

बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरी आश्रय व प्रोत्साहन मिळाले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात टिळकांचे प्रत्ययकारी दर्शन घडते. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. परकीय मिशनच्या पत्रातून एतद्देशीय ख्रिस्ती मनाला स्वतःची वाणी मिळवून देणे, हे त्यांच्या पत्रकारितेचे विशेष कार्य होय.