पक्षाघात : वर्षानुवर्षे साचणारे देणे

व्यापारी माणसाला बाजाराचा अंदाज असतो, मालाची पारख असते आणि उधारी किती दिवस थकू द्यावी याचेही भान असते. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर स्वस्तिक काढण्यापूर्वी तो जुन्या वहीतील येणे-देणे तपासून घेतो. परंतु ज्या देहाच्या बळावर हा सारा व्यवहार उभा आहे, त्या देहाची बाकी मात्र तो क्वचितच काढतो. आपल्या व्यापारी समाजात पक्षाघाताने पेढीचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळतो, कधी घरची गृहिणी वाणी गमावून बसते, आणि सगळे घर दिङ्मूढ होऊन विचारते, “काल तर सर्व ठीक होते, हे अकस्मात कसे झाले?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा येथे प्रयत्न केला आहे. ‘अंगावरून वारे गेले’, ‘लकवा मारला’ असे आपण म्हणतो. जणू हा रोग बाहेरून आलेल्या वाऱ्यासारखा अवचित झडप घालतो, अशी समजूत त्या शब्दांत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. पक्षाघात क्षणात प्रकट होतो हे खरे. परंतु त्याची पूर्वतयारी पुष्कळदा दहा-वीस वर्षे चाललेली असते. हे साचत जाणारे देणे वेळीच मोजता येते, आणि मोजले तर पुष्कळ अंशी फेडताही येते.

रोगाचे स्वरूप

मेंदूचे वजन देहाच्या वजनाच्या अवघे दोन टक्के असते. परंतु देहाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. त्याच्याजवळ साठा मात्र काहीच नसतो. रोजचा माल रोज यावा आणि रोज संपावा, असा त्याचा व्यवहार. म्हणून रक्ताचा पुरवठा काही मिनिटे जरी खंडित झाला, तरी त्या भागातील पेशी मरू लागतात.

हा पुरवठा दोन प्रकारांनी तुटतो. एक, रक्तवाहिनीत गुठळी अडकून. दुसरा, रक्तवाहिनी फुटून. पहिला प्रकार अधिक आढळतो, दुसरा अधिक घातक ठरतो. वाहिनी आतून खरखरीत व अरुंद होणे, तिची भिंत कमकुवत होणे, किंवा हृदयाची लय बिघडून तेथे गुठळी तयार होणे, ही त्यांची मुळे. या सर्वांच्या मागे बहुधा एकच त्रिकूट असते: वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि पोटावरील मेद.

एका राष्ट्राध्यक्षाचा दाखला

रक्तदाबाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. १९३७ साली त्यांचा रक्तदाब १६२/९८ होता. आजच्या मापाने हा स्पष्ट विकार होय. परंतु वयाबरोबर दाब वाढायचाच, अशी त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांची धारणा होती. १९४४ च्या मार्च महिन्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले तेव्हा आकडा १८६/१०८ वर गेला होता आणि हृदय मोठे झाले होते. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज या गावी स्वतःचे चित्र काढून घेण्यासाठी बसले असता त्यांनी डोके भयंकर दुखत असल्याचे सांगितले आणि ते बेशुद्ध झाले. त्या वेळी रक्तदाब ३०० च्या वर होता. काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय होते ६३.

एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला उत्तम वैद्यकीय सेवा उपलब्ध असूनही वाचवता आले नाही. कारण तेव्हा परिणामकारक औषधेच हाती नव्हती. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याच वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण शास्त्रीय पद्धतीने जगापुढे मांडला, आणि या उपचारांना मोठी चालना मिळाली. आज अनेक परिणामकारक गोळ्या अल्प किमतीत मिळतात. वरचा दाब १० अंकांनी उतरवला असता पक्षाघाताचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटतो, असे २०१६ सालच्या, अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसून आले. रूझवेल्ट यांना जे मिळू शकले नाही ते आपल्या गावच्या औषधाच्या दुकानात मिळते. आणि तरीही आपण ते घेत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

पोटाचा घेर

लठ्ठपणाविषयी आपल्या समाजात एक जुनी ममत्वाची भावना आहे. सुटलेले पोट हे सुखवस्तूपणाचे लक्षण समजले जाते. ‘खात्यापित्या घरचा’ असे कौतुकाने म्हटले जाते. परंतु पोटातील मेद म्हणजे गोदामात निमूट पडून राहिलेला माल नव्हे. तो सतत आपली द्रव्ये रक्तात सोडीत असतो. त्यायोगे इन्सुलिनचा प्रभाव मंदावून साखर वाढते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागतात व दाब चढतो, रक्तातील स्निग्धांशाचा तोल बिघडतो. लठ्ठ माणसाच्या घोरण्यात पुष्कळदा श्वास मधूनमधून अडतो. या विकारानेही रक्तदाब व पक्षाघात या दोहोंचा धोका वाढतो.

‘इंटरस्ट्रोक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. भारतासह ३२ देशांतील सुमारे २७ हजार व्यक्तींची त्यात पाहणी होती. पक्षाघाताच्या एकंदर धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांशी निगडित असल्याचे त्यात आढळले: रक्तदाब, व्यायामाचा अभाव, रक्तातील स्निग्धांश, आहार, कंबर व नितंब यांच्या घेराचे प्रमाण, मानसिक ताण, धूम्रपान, हृदयविकार, मद्यपान आणि मधुमेह. यांतील रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा, जवळजवळ निम्मा. ही दहाही कारणे बव्हंशी सुधारता येण्याजोगी आहेत, हे विशेष.

केवळ वजनकाट्यावर विसंबणाऱ्या सडपातळ बंधूंनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! भारतीय देहयष्टी वरून कृश दिसली तरी आत मेद बाळगून असू शकते. याच कारणास्तव आपल्याकडे कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, व स्त्रियांना ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, अशी मानली जाते. कापड मोजण्याची टेप ज्यांच्या हातात दिवसभर असते, त्यांनी ती एकदा स्वतःच्या कमरेभोवतीही फिरवावी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना रक्तदाब, ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा व ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात होते. तेव्हा हा दूरच्या महानगरांचा प्रश्न राहिलेला नाही.

शाकाहार पुरेसा आहे काय?

आम्ही मांस खात नाही, मद्यास शिवत नाही, मग आम्हाला भय कसले, असा प्रश्न आपल्यातील पुष्कळजण विचारतात. हा युक्तिवाद तपासून पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ४८ हजार लोकांवर १८ वर्षे चाललेल्या अभ्यासात, २०१९ साली, शाकाहारी लोकांत हृदयविकार कमी परंतु पक्षाघात मांसाहारी लोकांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक आढळला. उलट तैवानमधील बौद्ध शाकाहारी मंडळींच्या २०२० सालच्या अभ्यासात पक्षाघाताचे प्रमाण कमी दिसले. त्या मंडळींच्या पानात सोयाबीन, भाज्या व कठीण कवचाची फळे यांना मोठे स्थान होते. या परस्परभिन्न निष्कर्षांतून एवढे तरी उमजते की, ताटात काय नाही यावर सर्व अवलंबून नसून ताटात काय आहे यालाही महत्त्व आहे.

आणि आपल्या ताटात काय असते? लोणचे, पापड, फरसाण यांतून मीठ. तूप व तळणातून मेद. आल्यागेल्याला कुंदा, करदंट आणि दिवसातून चार-सहा वेळा साखरेचा चहा. त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बैठक. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही कमी, मीठ सांगितले आहे. शाकाहार हे अहिंसेचे व्रत म्हणून वंद्यच आहे; परंतु ते आरोग्याचे कवच तेव्हाच होते, जेव्हा त्याला मिताहाराची जोड मिळते. बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीवही शाकाहारी मंडळींनी तपासून घ्यावी.

तंबाखूविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. निपाणीसारख्या तंबाखूच्या बाजारपेठा आपल्याच भागात आहेत आणि व्यवहारातील वस्तू हळूच सवयीची होते. धूम्रपानाने पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट होतो. विडी ओढणाऱ्याने ती ‘कमी’ करून भागत नाही. ती सोडलीच पाहिजे. चघळण्याची तंबाखूही निरुपद्रवी नव्हे.

आपल्याच परंपरेतील उपाय

या रोगावरील अर्धे उपाय आपल्या पूर्वाचार्यांनी तपाच्या रूपाने सांगून ठेवले आहेत. बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते. भूक असतानाच पानावरून उठणे, हा त्याचा अर्थ. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास व स्त्रीचा २८ घास मानून त्याहून कमी जेवावे, असे तेथे सांगितले आहे. पुढे रसपरित्याग येतो. दिगंबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ असे सहा रस गणले जातात. आठवड्यातील एक दिवस मिठाचा व एक दिवस गोडाचा त्याग करणाऱ्या घराला डॉक्टर निराळे काय सांगणार? सूर्यास्तापूर्वीचे भोजनही रात्री उशिरा जड जेवण्यापेक्षा केव्हाही हितकर. त्याला रोज अर्ध्या तासाच्या भरभर चालण्याची जोड द्यावी. मंदिरात मोटारीने न जाता पायी जावे.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना अत्यावश्यक आहे. पर्युषणात किंवा दशलक्षणात उपवास धरताना काही बंधुभगिनी रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्याही बंद करतात. रात्री काही घ्यावयाचे नाही म्हणून रात्रीची गोळी सोडतात. औषध अचानक बंद केल्याने दाब उसळतो. उलट उपाशीपोटी मधुमेहाचे औषध तसेच चालू ठेवले तर साखर धोकादायक रीत्या उतरते. दोन्ही गोष्टी प्राणावर बेतू शकतात. पर्वापूर्वी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटून मात्रा व वेळा ठरवून घ्याव्यात. पुष्कळ औषधे दिवसा घेता येतात. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे, म्हणजे शक्तीप्रमाणे तप. हा विवेक शास्त्रानेच दिलेला आहे.

तो प्रसंग आल्यास

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, वाणी अडखळणे किंवा बोललेले न समजणे, एकाएकी दृष्टी अंधारणे, तोल जाणे; यांतील एकही लक्षण दिसताच घड्याळ पाहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मोठी वाहिनी बंद झाली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांत नळीवाटे गुठळी काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो. हा काळ तेल चोळण्यात, झाडपाला शोधण्यात किंवा ‘मुलगा दुकानातून येऊ दे’ म्हणत घालवू नये. रुग्णास पाणी अथवा गोळी तोंडाने देऊ नये; गिळता न आल्यास ती श्वासनलिकेत जाते, आणि मेंदूत रक्तस्राव असल्यास रक्त पातळ करणारी गोळी घातक ठरते. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप निवळली तरी रुग्णालयात जावेच. ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते. आपल्या गावाजवळ मेंदूचे सी. टी. स्कॅन व हा उपचार कोठे होतो, हे आजच विचारून ठेवावे.

संस्थेपुढे एक सूचना

आपल्या व्यापारी संघाच्या कार्यालयात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र, एक वजनकाटा व एक टेप ठेवणे फारसे खर्चाचे नाही. दर मासिक सभेस येणाऱ्या सभासदाने सही करण्यापूर्वी आपला दाब मोजून घ्यावा. दोन-तीन वेळा मोजूनही तो १४०/९० किंवा अधिक भरल्यास डॉक्टरांकडे जावे. वर्षातून एकदा साखर व स्निग्धांश तपासावेत. घरातील स्त्रियांना यातून वगळू नये. घरातील सर्वांच्या पथ्याची काळजी वाहणाऱ्या मातेचा स्वतःचा रक्तदाब पुष्कळदा कोणी कधीच पाहिलेला नसतो.

थकलेली बाकी दडवून कोणतीही पेढी तरली नाही. देहाच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. येत्या दिवाळीत वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहिताना शेवटच्या पानावर घरातील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर व कमरेचा घेर हे तीन आकडेही लिहून ठेवावेत आणि पुढील वर्षी ते ताडून पाहावेत. सर्व सभासद बंधुभगिनींना निरामय दीर्घायुष्य लाभो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.