नैराश्याची गोळी सुरू केली, फरक कसा ओळखायचा?

"आठवडा झाला, काही गुण नाही," म्हणत अनेक जण दुसऱ्या आठवड्यातच गोळी सोडतात. वस्तीवर फिरताना आम्हाला हे सतत ऐकू येते. पण एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे तापाच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. यात त्रास आधी, आराम नंतर. मळमळ, डोकेदुखी, झोपेतला बदल पहिल्या एक-दोन आठवड्यांत जाणवतो आणि बहुतेकांचा ओसरतो. मन हलके व्हायला २ ते ४ आठवडे, पूर्ण गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात.

म्हणून एक वही करा. दर रविवारी चार गोष्टी लिहा:

१. झोप कशी लागली?
२. जेवण गेले का?
३. कामाला हात लागला का? विहारात, लग्नकार्यात जावेसे वाटले का?
४. जीव नकोसा वाटला का?

घरच्या एकालाही विचारा. सुधारणा बरेचदा आपल्याआधी त्यांना दिसते. डॉक्टरही नऊ प्रश्नांची, २७ गुणांची चाचणी घेतात. गुण निम्म्यावर आले की औषध लागू पडले असे धरतात. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर वही घेऊन दाखवायला जा. मात्रा किंवा औषध बदलता येते.

थांबू नये असे प्रसंग: मरणाचे विचार वाढणे (विशेषतः २५ वर्षांखालील मुलामुलींत), जिवाची तगमग, किंवा झोप न होताही अचानक फार उत्साह. लगेच डॉक्टर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे आपले लोक ऊसतोडीला गेले की गोळी तुटते. एकदम बंद केल्यास चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते. टोळी निघण्याआधीच डॉक्टरांना सांगा, चिठ्ठी आणि वही सोबत न्या, तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

बरे वाटले म्हणूनही गोळी सोडू नका. बरे झाल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवावी लागते, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. याची सवय लागते म्हणणारे शेजारी भेटतील. ही नशा नव्हे. ती कधी थांबवायची, हे शेजाऱ्याने नाही, वही पाहून डॉक्टरांनी आणि तुम्ही ठरवायचे.